कारखान्यातील काटकसर, शेतातील उधळण

गव्हाला पहिले पाणी देण्याचे दिवस आले, की झाशी आणि आसपासच्या बुंदेलखंडात युरियाची मागणी एकदम वाढते. चर्चा मग पुरवठा आणि वाटप यांभोवतीच फिरते. हाती आलेल्या गोणीतील नत्रापैकी पिकाच्या मुखी किती लागते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

त्याच्या उत्तरासाठी प्रथम कारखान्याकडे पाहिले पाहिजे. झाशीच्या नैर्ऋत्येस, गुना जिल्ह्यातील विजयपूर येथे नॅशनल फर्टिलायझर्सचा कारखाना १९८८ पासून नैसर्गिक वायूच्या आधारे युरिया तयार करतो. अमोनिया आणि कर्बवायू प्रचंड दाबाखाली, सुमारे १८० ते १९० अंश तापमानात एकत्र आणले, की आधी अमोनियम कार्बामेट बनते आणि त्यातून पाणी वेगळे झाले, की युरिया. ही दुसरी पायरी कधीच पूर्णत्वास जात नाही. एका फेरीत बराच कच्चा माल अभिक्रियेविना उरतो. पूर्वी या उरलेल्या अमोनियापासून अमोनियम सल्फेटसारखी दुय्यम खते करीत आणि युरियाचे उत्पादन त्या खतांच्या बाजारपेठेशी जखडले जाई. १९६० च्या दशकात ‘स्ट्रिपिंग’ पद्धती रुजली. उरलेल्या कार्बामेटचे उष्णतेने विघटन करायचे आणि मोकळे झालेले वायू पुन्हा अभिक्रियापात्रात आणायचे, हे तिचे सूत्र. परिणामी आज फारच थोडा कच्चा माल वाया जातो.

या काटकसरीला शासकीय शिस्तीचीही जोड मिळाली. मराठे समितीच्या शिफारशींनंतर १९७७ मध्ये आलेली किंमत योजना प्रत्येक कारखान्याचा वेगळा खर्च भरून देत असे. त्यात बचतीची ओढ कमीच होती. २०१५ च्या युरिया धोरणाने टनामागील ऊर्जावापराचे निकष आवळले.

ही शिस्त कारखान्याच्या फाटकाशी संपते. शेतात टाकलेला युरिया मातीतील विकरामुळे पुन्हा अमोनिया आणि कर्बवायूच बनतो. कारखाना जे पदार्थ जिवापाड जपून परत मिळवतो, तेच येथे मोकळे होतात, आणि त्यांना अडवणारी यंत्रणा नसते. काही अमोनिया हवेत उडतो. काहीचे नायट्रेट होऊन ते पाण्याबरोबर खाली झिरपते. बुंदेलखंडातील राकड ही उथळ, भरड माती तर ते धरून ठेवूच शकत नाही. काळ्या ‘मार’ जमिनीची गोष्ट वेगळी. दोन्हींना सरसकट एकच मात्रा देणे हा अपव्ययच होय. आपल्या देशात दिलेल्या नत्रापैकी साधारणतः ३० ते ४० टक्केच पिकास लागू पडते, असे मानले जाते.

निंबोळी लेपाने हा ऱ्हास मंदावतो, थांबत नाही. शिवाय २०१० मध्ये पोषणद्रव्याधारित अनुदान आले तेव्हा युरिया त्याबाहेरच राहिला. पंचेचाळीस किलोची गोणी तीनशे रुपयांहूनही कमी दरात मिळत असताना शेतकऱ्याने हात आखडता घ्यावा, ही अपेक्षा व्यर्थ आहे. त्यात दोष त्याचा नव्हे, किमतीच्या रचनेचा आहे.

झाशीतच १९६२ पासून भारतीय गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्था आणि २०१४ च्या कायद्याने स्थापन झालेले राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ आहे. मातीच्या जातीनुसार विभागून मात्रा देणे, खत मातीआड करणे, फेरपालटीत बरसीमसारखा द्विदल चारा घेणे, हे ज्ञान गावोगाव पोहोचवण्यासाठी अनुदानाचा अल्पसा हिस्सा राखून ठेवला, तरी आरंभ होईल. कारखान्याकडून किलोकिलोचा हिशेब मागणाऱ्या शासनाने शेतात वाया जाणाऱ्या नत्राचाही हिशेब ठेवला पाहिजे. कारण दोन्हींची किंमत एकाच तिजोरीतून चुकती होते.