माप सांध्याचं घ्यायचं

साखरपुड्याची अंगठी घडवताना सगळ्यांचं लक्ष खड्याकडे असतं. कड्याची आठवण होते ती अंगठी बोटात जात नाही तेव्हा. धावड्यातल्या सोनाराच्या पेढीवर आलेल्या मायलेकींची अंगठी अशीच बोटाच्या सांध्याशी अडली होती. मुलाकडच्यांनी ती शहरातून खास घडवून घेतलेली: २२ कॅरेटचं सोनं, वर एक अमेरिकन डायमंड, कड्यावर वेलाची नक्षी आणि आतून दोघांच्या नावांची आद्याक्षरं. मापासाठी इथून दोरा गेला होता, बोटाच्या मुळाशी गुंडाळून गाठ मारलेला.

दोऱ्याने मुळाचं माप बरोबर नेलं, सांध्याचं नेलंच नाही. धावडा ज्यात आहे तो भोकरदन तालुका मिरचीचा. तोडणी, निंदणी, कापसाची वेचणी करत मोठ्या झालेल्या मुलीच्या बोटाचा सांधा मुळापेक्षा ठळक असतो. हे ज्याने हात पाहिला नाही, त्याला कळणार कसं?

सोनारकाकांनी आधी अंगठी काट्यावर ठेवली. ४.१२० ग्रॅम. आकडा आईला दाखवला, चिठ्ठीवर लिहिला आणि मगच मापाच्या कड्यांची जुडी काढली. आपल्याकडच्या नंबरांचा हिशेब सोपा आहे. कड्याचा आतला घेर मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि त्यातून ४० वजा करायचे. अंगठी १२ नंबरची, म्हणजे घेर ५२ मिलिमीटर. एका नंबराने घेर एक मिलिमीटर वाढतो, व्यास जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर. पण तेवढ्यावरही अंगठी अडते, नाहीतर हात धुताना निसटते. १३ नंबरचं कडं सांध्यावरून ढकलावं लागलं. १४ नंबरचं किंचित थांबून गेलं.

“हेच ठेवू,” काका म्हणाले. “सहज गेली तर सहजच निघंल. थोडी अडायलाच पाहिजे.” मग मुलीकडे वळून, “बाई, सकाळी उठल्यावर बोटं जड वाटतात का?” बोटाचं माप दिवसभर सारखं नसतं. उन्हात बोट फुगतं, थंडीत आकसतं, म्हणून गारठ्याच्या सकाळी काका अंगठीचं माप घेतच नाहीत.

सोनारांच्या संताची कथाही मापाचीच आहे. पंढरपूरचे नरहरी सोनार कट्टर शिवभक्त, विठ्ठलाचं दर्शन न घेणारे. एका सावकाराने विठ्ठलासाठी सोन्याचा करदोडा सांगितला आणि मापही आणून दिलं. करदोडा एकदा लांब झाला, एकदा आखूड. अखेर डोळ्यांवर पट्टी बांधून नरहरी स्वतः देवळात गेले आणि मूर्तीच्या कमरेला हात लावला, तेव्हा हातांना शंकरच जाणवला. भाविकांना या कथेत हरिहरांचं ऐक्य दिसतं. मला त्यात कारागिराचा अनुभवही दिसतो. दुसऱ्याने आणलेल्या मापावर भागत नाही, अंगाला हात लावावाच लागतो.

साधं वेढणं असतं तर काकांनी ते लोखंडी निमुळत्या दांडीवर चढवून थोडं ताणलं असतं. खड्याच्या अंगठीत तसं केलं की कडं पातळ होतं आणि खडा धरणाऱ्या नख्या सैल होतात. म्हणजे कापणं आलं. करवत कुठे लावायची, हे ठरवायलाच त्यांना सगळ्यांत जास्त वेळ लागला. एरवी कड्याचा खड्यासमोरचा तळ कापतात. इथे तळाशी हॉलमार्क होता: बीआयएसची खूण, ९१६ आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, ज्याच्याशिवाय १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. त्याला लागून आद्याक्षरं. बाहेरून सगळीकडे वेल. भिंगातून पाहत काका अंगठी हळूहळू फिरवत होते. अक्षरांच्या उजवीकडे वेलाची एक फांदी संपून दुसरी सुरू होते, तिथे त्यांनी नखाने जागा धरली.

खास नक्षी सांगणाऱ्यांनी आणि घडवणाऱ्यांनी कड्याचा पाच-सहा मिलिमीटर भाग कोरा सोडायला हवा, असं माझं ठाम मत आहे. बोट आयुष्यभर एकसारखं राहत नाही. बाळंतपणात बदलतं, वयाने बदलतं.

केसासारख्या पात्याने कडं कापलं. खाली मांडीवर पसरलेल्या कापडात सोन्याचा कीस पडत होता. फट दोन मिलिमीटर उघडली आणि २२ कॅरेटच्याच पट्टीचा तुकडा कानशीने घासून तिच्यात घट्ट बसवला. त्याचं वजन शंभर मिलिग्रॅमच्या जरा वर, जुन्या मापात गुंजभरही नाही. अंगठी लहान करायची असती तर असाच तुकडा निघाला असता. तो गिऱ्हाइकाचा असतो, मागून घ्यावा.

खड्याला ओला कापूस गुंडाळला. जोडांवर सवागीचं, म्हणजे टाकणखाराचं, पाणी लावलं, झाळणाचे मोहरीएवढे तुकडे ठेवले. एके काळी पेढीपेढीवर केडीएम झाळणाचं नाव ऐकू यायचं. त्या झाळणात कॅडमियम असे. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतं. म्हणजे जोड देताना त्याचा विषारी धूर थेट कारागिराच्या छातीत जायचा. काकांच्या झाळणात जस्त आणि तांबं आहे.

ज्योत आधी जोडावर नाही, आजूबाजूला फिरली. सवागी फुगली, पांढरी झाली, मग काचेसारखी पसरली. सोन्यावर मंद लाली चढली. झाळण जिकडे ताव जास्त तिकडे धावतं, त्यामुळे एक बाजू जास्त तापली तर ते फट सोडून तिकडेच पळतं. काकांनी ज्योत किंचित तिरकी केली. झाळणाचा तुकडा क्षणभर गोळा झाला आणि एकदम चकाकून फटीत शिरला. लगेच ज्योत बाजूला. अंगठी त्यांनी पाण्यात टाकली नाही, तशीच निवू दिली. तापलेला खडा गार पाण्यात तडकतो.

पुढचं काम सवयीचं. सौम्य तेजाबात काळपटपणा निघाला, दांडीवर लाकडी हातोडीने गोलाई आली, कानस आणि पॉलिश-कागद फिरला. कोऱ्या तुकड्यावर कोरणीने वेलाची फांदी ओढून जोडली. ती मूळ नक्षीइतकी नाजूक नाही, पण खोटीही वाटत नाही. शेवटी रिठ्याच्या पाण्यात ब्रश मारला.

काट्यावर पुन्हा आकडा आला, ४.२१५. वाढलेलं सोनं आणि मजुरी चिठ्ठीवर वेगवेगळी लिहिली. अंगठी सांध्याशी क्षणभर थांबून आत गेली. आई पैसे मोजत असताना काकांनी मुलीला भिंगातून दोन्ही जोड दाखवले. “पुढं कधी बदलायची झाली, तर कारागिराला सांगा, करवत इथंच लावा. अक्षरांकडं जाऊ नका.”