रानटी आईची तूर

निलंग्याच्या शिवारात सोयाबीनमध्ये तुरीचं तास असतंच. या तुरीची जवळची रानटी नातलग, कजानस कजानिफोलियस, ओडिशा-बस्तरच्या जंगलात आढळते. झाड तुरीसारखंच, फक्त बियांच्या डोळ्यापाशी ठळक मांसल उंचवटा.

तुरीच्या फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात. संकरित बियाणं करायचं तर एकेका कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे. एकरभर हे कोण करणार? हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेने रानटी झाडाला मादी धरून त्यावर लागवडीच्या तुरीचे पराग टाकले, पुढच्या पिढ्यांतही तेच केलं. झाड लागवडीचं झालं, पेशीद्रव्य मात्र रानटी आईचं राहिलं. अशा झाडाच्या परागकोशात कामाचे परागच तयार होत नाहीत. शेजारच्या ओळीतून मधमाश्या ते आणतात आणि संकरित शेंग धरते.

यातून आलेला आयसीपीएच 2671 हा संकरित वाण मध्य प्रदेशात 2010 मध्ये प्रसारित झाला. मर आणि वांझ रोगाला तो दाद देत नाही. शेतावरच्या चाचण्यांत मारुती वाणापेक्षा सुमारे 28 टक्के जास्त उतारा मिळाला. अडचण एकच, पण मोठी: बियाणं दरवर्षी नवं घ्यावं लागतं. घरचं बी राखणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला म्हणूनच बदनापूरच्या बीडीएन 711 सारखा सरळ वाण अजून परवडतो.