हाफ क्लचचा हिशेब

दारव्ह्याकडच्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. शेतावर आणि जंगलाच्या वाटेवर फिरायला घेतलेल्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीला त्यांनी मोठे टायर चढवले, सस्पेन्शन उचलून घेतलं, इंजिनाच्या संगणकात फेरफार करून थोडी जास्तीची ताकद काढली. पुढच्याच पावसाळ्यात क्लच प्लेट जळाली. गॅरेजात निदान झालं की इंजिन तगडं झालंय, कंपनीची प्लेट त्याला पुरत नाही, आता सिरॅमिकचीच टाका. खर्चाचा आकडा ऐकून गृहस्थ थबकले आणि त्यांनी विचारलं, प्लेट खरंच ताकदीने जळते का?

बहुतेक वेळा नाही. प्लेट जळते ती घसरल्याने, आणि ती किती घसरते हे ठरवण्यात इंजिनापेक्षा टायरचा, गिअरचा आणि डाव्या पायाचा हात मोठा असतो. (हात की पाय, ते वाचकांनी ठरवावं.)

मुळात क्लच लागतोच कशाला, याचं उत्तर दारव्ह्याच्या लोकांनी सत्तर वर्षं रुळांवर पाहिलं आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरची शकुंतला. 1921 साली मँचेस्टरला बांधलेलं आणि 1923 पासून धावणारं तिचं वाफेचं इंजिन 15 एप्रिल 1994 ला निवृत्त झालं. त्या इंजिनात क्लच नव्हता, गिअरबॉक्सही नव्हती. चाकं जागच्या जागी थांबलेली असतानाही सिलिंडरातली वाफ पिस्टनवर पूर्ण जोर लावू शकते, त्यामुळे शून्य वेगाला वाफेचं इंजिन सगळ्यात जोरकस असतं. पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाचं उलटं आहे. ते थांबलं की मेलंच. मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांखाली ते स्वतःलाच सांभाळू शकत नाही, गाडी कुठून ओढणार? म्हणून फिरणारं इंजिन आणि थांबलेली चाकं यांची ओळख करून देणारा कोणीतरी मध्यस्थ लागतो.

वाफेच्या जागी डिझेल आणताना रेल्वेपुढे हाच पेच होता. शेकडो टनांची गाडी कोरड्या प्लेटच्या घर्षणावर हलवायची म्हणजे प्लेटची राखच. मोठ्या इंजिनांत यावर जनित्र आणि मोटर हा उपाय निघाला, तर आपल्या नॅरोगेज डिझेल इंजिनांत तेलाचा. तेलाची कल्पना जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर यांची, 1905 ची, आणि तीही जहाजासाठी: टर्बाइन वेगाने फिरणार, पंखा सावकाश, मध्ये तेल. एक चक्र तेल फेकतं, दुसरं ते झेलून फिरतं. दोघांचा एकमेकांना स्पर्शच नाही, मग झिजणार काय?

इथे मला एका माणसाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. भारतीय रेल्वेतले अभियंते मनमोहन सुरी यांनी डिझेल इंजिनांसाठी स्वतःची हायड्रो-मेकॅनिकल पद्धत बसवली. 'सुरी ट्रान्समिशन' या नावाने ती ओळखली जाते आणि रेल्वेच्या शंटिंग इंजिनांत वापरलीही गेली. 1962 साली त्यांना अभियांत्रिकीचं शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळालं. पुढे ते दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे संचालक झाले, आणि तिथेच परदेशी परवान्याशिवाय आखलेला 'स्वराज' ट्रॅक्टर जन्माला आला. दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या वावरात आज स्वराज फिरताना दिसतो, पण त्यामागचं सुरींचं नाव कुणाला विचारून पाहा! 2007 साली तो ट्रॅक्टर बनवणारी पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनी महिंद्राकडे गेली. म्हणजे 1947 मध्ये मुंबईत विलिस जीपचे सुटे भाग जोडण्यापासून गाड्यांची सुरुवात केलेल्या घरातच हा ट्रॅक्टरही आला. आपल्याकडे क्षेपणास्त्रं बनवणाऱ्यांची चरित्रं शाळेत वाचली जातात. गिअर आणि क्लचवाल्यांना तेवढं भाग्य नाही.

असो. जीपमध्ये मात्र, ऑटोमॅटिक सोडली तर, कोरडीच प्लेट असते. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये स्प्रिंगच्या दाबाने आवळलेली. ती किती टॉर्क पेलेल याचं सूत्र अकरावीच्या मुलालाही समजेल असं आहे: घर्षणांक, दाब, सरासरी त्रिज्या यांचा गुणाकार आणि बाजू दोन म्हणून दुप्पट. समजा घर्षणांक 0.3, दाब 6,000 न्यूटन, त्रिज्या 10 सेंटीमीटर. उत्तर 360 न्यूटन-मीटर. 2020 साली आलेल्या थारच्या मॅन्युअल गाड्यांचा टॉर्क 300 आहे. असा क्लच त्याला वीस टक्के राखून पेलेल. संगणकात फेरफार करून इंजिनातून वीस-पंचवीस टक्के जास्त काढले तर ही राखीव शिल्लक संपते. एवढ्यापुरतं गॅरेजवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण तेही पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून वरच्या गिअरमध्ये ओढताना. पांदण रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये तेवढा टॉर्क लागतच नाही.

या सूत्रात एक गंमत लपली आहे. प्लेटचं क्षेत्रफळ त्यात कुठेच नाही! घर्षणाचा जोर स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतो हे फ्रेंच शास्त्रज्ञ आमाँताँने 1699 मध्ये सांगितलं, आणि विद्युतभारांमुळे आपल्याला पाठ असलेल्या कुलाँने रोशफोरच्या गोदीत लाकूड-लोखंड ओढून ते तपासलं. 1781 साली त्याला पॅरिसच्या अकादमीचं बक्षीस मिळालं ते घर्षणाच्या कामासाठी, विजेच्या नव्हे. तेव्हा मोठी प्लेट जास्त पेलते ती रुंद आहे म्हणून नाही. तिची त्रिज्या मोठी असते, आणि ती उष्णता जास्त सामावते.

उष्णता, खरा मुद्दा हा आहे. गाडी सपाटीवर थांबलेली आहे, इंजिन ठरावीक वेगाने फिरतंय आणि तुम्ही क्लच सोडताय. प्लेट पकडेपर्यंत गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, बरोबर तेवढीच उष्णता क्लचमध्ये तयार होते. क्लच हळू सोडा की पटकन, प्लेट कंपनीची घ्या की सिरॅमिक, इंजिनाने दिलेल्या ऊर्जेतला निम्मा वाटा जळणारच. अठराशे किलोची गाडी, पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या सतरा फेऱ्यांना चाकाची एक, इंजिन मिनिटाला 1,500 फेऱ्यांवर असा हिशेब मांडला तर एका सुरुवातीला सुमारे 12 किलोज्यूल येतात. पाच किलोच्या लोखंडी प्रेशर प्लेटच्या वाट्याला त्यातले निम्मे आले तर ती अडीच-तीन अंशांनी तापते. गाडी रस्त्याला लागली की ते विसरूनही जाते.

पण या हिशेबात वर्ग दडलेले आहेत. इंजिनाच्या फेऱ्या दुप्पट केल्या की उष्णता चौपट. चाकाचा व्यास 31 इंचांवरून 35 इंचांवर नेला की उष्णता जवळजवळ सत्तावीस टक्के जास्त, कारण चाक मोठं केलं म्हणजे न सांगता सगळेच गिअर उंच केले. वर त्या टायरचं वजन. टायर घेताना लोक त्यांचे दात बघतात, रुंदी बघतात, मित्रांच्या गाडीशेजारी उभी करून फोटो बघतात. गिअरचं प्रमाण मात्र कोणी बघत नाही.

आणि हे झालं डांबरी सपाटीवरचं. यवतमाळ जिल्ह्यातली काळी कपाशीची जमीन पावसात काय करते ते इथल्या कुणाला सांगायला नको. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचं खनिज पाणी पिऊन फुगतं, टायरच्या दातांत जाऊन बसतं आणि चाक गुळगुळीत करून टाकतं. अशा चिखलात चाकाला होणारा विरोध डांबराच्या दहापटीहून जास्त असू शकतो. आता गाडी रुतली आहे, मागेपुढे हलवून काढायची आहे, इंजिन 2,000 फेऱ्यांवर गुरगुरतंय, पाय अर्ध्या क्लचवर, चाकं जागची हलत नाहीत. क्लचमधून 150 न्यूटन-मीटर जात असतील तर तिथे 31 किलोवॅट उष्णता तयार होतेय. दोन किलोवॅटचे पंधरा गिझर एका बंद डब्यात लावल्यासारखं! दहा सेकंदांत तीनशे किलोज्यूल, म्हणजे सपाटीवरच्या पंचवीस-सव्वीस सुरुवातींची उष्णता एकदम. प्रेशर प्लेटचं तापमान सत्तरेक अंशांनी चढतं. घाम पुसून लगेच दुसरा प्रयत्न, मग तिसरा, की अडीचशे अंश ओलांडलेच. पृष्ठभाग तर त्याहून गरम. बेल हाउसिंगमध्ये वारा फारसा खेळत नसल्याने थंड व्हायला बराच वेळ लागतो, आणि तेवढा धीर चिखलात कुणाला असतो? प्लेटवरच्या अस्तरातलं राळेसारखं बांधणीद्रव्य या तापमानाला सुटू लागतं, तो ओळखीचा करपट वास येतो, पृष्ठभाग काचेसारखा होतो. घर्षणांक घटला की घसरण वाढते, घसरण वाढली की उष्णता. तिथून पुढे प्लेट स्वतःच स्वतःला संपवते.

अस्तराची कथा कापसाच्या मुलखात सांगायलाच हवी. इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या डोंगराळ रस्त्यांवर घोडागाड्यांच्या लाकडी ब्रेकना गाडीवान जुने बूट ठोकायचे. ते पाहून हर्बर्ट फ्रूड या माणसाने 1897 मध्ये ब्रेकचं पहिलं अस्तर बनवलं, ते डांबरी द्रावणात भिजवलेल्या सुती विणीचं. पुढे फेरोडो ही कंपनी यातूनच उभी राहिली. कापूस पकडतो छान, पण करपतो लवकर. 1908 च्या सुमारास त्याची जागा ॲस्बेस्टॉसने घेतली. ॲस्बेस्टॉस करपत नाही, फक्त त्याची धूळ फुफ्फुसात जाऊन माणूस मारते. म्हणून जुन्या जीपचा क्लच उघडल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवायची सवय मिस्त्रींनी सोडलेली बरी. त्यानंतरचा अवतार हल्लीचा 'सिरॅमिक', म्हणजे तांब्या-कांशाच्या भुकटीत सिरॅमिक मिसळून भाजलेल्या वड्या.

जाहिरातीत या वड्यांचं जेवढं कौतुक असतं तेवढं त्यांनी कमावलेलं नाही. त्या जास्त तापमान सोसतात, हे खरं. पण पकडतात ते झटक्याने. हळूहळू जोडणं ज्या कामासाठी हवं, नेमक्या त्याच कामात, म्हणजे दगडधोंड्यांतून गाडी इंचाइंचाने पुढे सरकवताना, गाडी धडधडते. तो झटका मग गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, ॲक्सल यांच्याकडे जातो, आणि ते भाग प्लेटपेक्षा महाग. कडक स्प्रिंगची प्रेशर प्लेट घातली तर पेडल जड होतं, आणि दर वेळी क्लच दाबताना क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट वॉशरवरचा भार वाढतो. शर्यतीत गाडी पळवणाऱ्याला हे सौदे परवडतात. तुरीच्या वावरात जाणाऱ्याला का परवडावेत, हे मला समजलेलं नाही.

उपाय बहुतेक वेळा गाडीतच असतो, दुसऱ्या छोट्या दांड्याच्या रूपात. फोर-लो. ट्रान्सफर केसमधलं हे प्रमाण सुमारे अडीच पट धरू. मघाचा वर्ग आता आपल्या बाजूने उभा राहतो: अडीच गुणिले अडीच, सव्वासहा. बारा किलोज्यूलचे दोन होतात. चिखल ओढायला पहिल्या गिअरमध्ये क्लचमधून ऐंशी न्यूटन-मीटर लागत असतील तर आता बत्तीस पुरतात, म्हणजे पाय पूर्ण काढून घेऊन गाडी आपली आपण रांगते. चिखल दिसला की आधी थांबायचं, फोर-लो टाकायचा, मग शिरायचं. अर्ध्यात रुतल्यावर त्या दांड्याची आठवण होते तेव्हा प्लेटने निम्मं आयुष्य खर्च केलेलं असतं. कोरड्या डांबरावर मात्र फोर व्हील लावून वळणं घेऊ नयेत. पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि शाफ्ट पिळले जातात.

मोठे टायर हवेच असतील तर त्याच प्रमाणात डिफरन्शियलमधला क्राउन-पिनियन बदलणं हा प्रामाणिक मार्ग. 31 वरून 35 म्हणजे 3.9 चं प्रमाण 4.4 च्या आसपास, पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलला सारखंच. हे काम टायरपेक्षा कमी दिखाऊ आणि बरंच कटकटीचं, म्हणून कोणी करत नाही. त्याआधी कायदाही बघावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे की उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत.

ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवणाऱ्यांचंही हेच दुखणं. नांगरताना तासभरात क्लच मोजक्या वेळा दाबला जातो. लोडर लावला की पुढे-मागे, पुढे-मागे, आणि मध्ये पाय पेडलवर विसावलेला. नुसत्या विसावलेल्या पायानेही स्प्रिंगचा दाब कमी होतो आणि रिलीज बेअरिंग विनाकारण फिरत राहतं. तेलात बुडालेल्या प्लेटांचे क्लच याच कामासाठी आले. तेल उष्णता वाहून नेतं, नाहीशी करत नाही, म्हणून तिथे तेलाच्या कूलरवर लक्ष ठेवावं लागतं. म्हणूनच तेलावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक जीपवाल्यांनीही आपण सुटलो असं समजू नये.

राहिलं ते निदान. प्लेट खरंच गेली आहे की नुसती एकदा करपून सावरली आहे, हे घरी कळतं. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगाने चालत असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाच्या फेऱ्या चढल्या आणि गाडी मागेच राहिली तर क्लच घसरतोय. फेऱ्या आणि वेग सोबतच वाढले तर तूर्त नवी प्लेट घ्यायची गरज नाही. ही चाचणी एकदाच करायची. मित्रांना दाखवायला दर रविवारी करत बसलं तर चांगली प्लेटही जाईल.