गिरेबाजाची जोड लावताना

कोल्हापुरात छंदाला नाद म्हणतात. कुणाला कुस्तीचा नाद, कुणाला बैलांचा, तर आमच्या घराला कबुतरांचा. असरच्या नमाजनंतर आम्ही गच्चीवर गेलो की शेजारीपाजारी हसून विचारतात, "मास्तर, शाळेतली पोरं कमी पडली काय?" पूर्वी आम्हीही हसून वेळ मारून न्यायचो. चार वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळनंतर मात्र तसं हसता आलेलं नाही.

ढाबळ अब्बांच्या हातची. लाकडी खोकी, पुढे जाळी आणि आत गिरेबाज कबुतरं. उर्दूत गिरह म्हणजे गाठ. हवेत उडता उडता स्वतःभोवती गाठ मारावी तशी मागच्या बाजूला कोलांटी घेतो, तो गिरेबाज. एकामागून एक इतक्या वेगाने कोलांट्या घेतो की पक्षी दिसत नाही, फिरणारा चेंडू दिसतो. अशा कबुतरांना आता बाजारात 'रोलर' म्हणतात. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या परिसरातल्या शौकिनांनी नावारूपाला आणलेली रोलरची जात जगभर पाळली जाते. पंधरा-वीस पक्ष्यांचा थवा एकत्र उडावा आणि त्यातल्या अनेकांनी एकाच क्षणी गिरक्या घ्याव्यात, हा या खेळाचा कळस.

आमच्याकडे एक निळा नर होता. त्याची गिरकी चांगली दोन मजल्यांएवढी खोल. गल्लीतली मुलं त्याच्यासाठी खेळ थांबवून वर बघायची. आम्ही त्याला तितक्याच खोल गिरकीची मादी लावली. हिशोब सोपा वाटला : दोन पहिल्या नंबरांची मुलं पहिलीच येणार. त्या हंगामात या जोडीची सहा पिल्लं वाढली. पाचव्या महिन्यात त्यांच्या गिरक्या सुरू झाल्या आणि त्यातल्या दोघांच्या थांबेनातच. एक पत्र्यावर आपटलं आणि लंगडं झालं. दुसरं आमच्याच कठड्यावर आदळलं. आमची लेक तेव्हा सहावीत होती. तिने ते उचललं. तिच्या ओंजळीतच त्याने मान टाकली. ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "अब्बा, ते खेळत होतं का पडत होतं?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही अब्बांच्या वेळच्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडे गेलो. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "मास्तर, वर किती फिरतंय ते काय बघताय? फिरल्यावर उठतंय कसं ते बघा."

शिकवता येत नाही, निवडता येतं

हा शौक जुना आहे. अकबर बादशहाच्या दरबारात वीस हजारांहून अधिक कबुतरं होती आणि त्यातली पाचशेच 'खासा' म्हणून निवडलेली होती, असं अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त नोंदवलं आहे. कबुतरं उडवण्याला तिथे 'इश्कबाजी' म्हटलं आहे. निरनिराळ्या जातींच्या जोड्या लावून बादशहाने त्यांची पैदास सुधारली, असंही तो लिहितो. या नोंदीची दखल पुढे चार्ल्स डार्विनने घेतली. डार्विन स्वतः कबुतरं पाळायचा, लंडनच्या दोन कबुतर क्लबांचा सभासद होता. १८५९च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्याने एक साधी गोष्ट दाखवून दिली : कबुतराला कोलांटी कुणी शिकवलेली नसते, ज्याने आयुष्यात दुसऱ्या कबुतराची कोलांटी पाहिली नाही असं पिल्लूही ती घेतं.

आम्ही मास्तर माणसं. वर्गात एखादं मूल मागे पडलं तर त्याला पुन्हा शिकवता येतं, समजावता येतं. ढाबळीत तसं नाही. दाणा, पाणी, वेळेवर उडवणं हे सगळं लागतंच, पण गिरकी रक्तातून येते आणि गिरकीवरचा ताबाही रक्तातूनच येतो. म्हणजे पिल्लू कठड्यावर आदळलं तर चूक पिल्लाची नाही. जोड लावणाऱ्याची आहे.

आता आम्ही काय पाहतो

पहिली गोष्ट सबुरी. गिरकी एका दिवसात येत नाही. पिल्लू आधी हवेत शेपटीवर बसल्यासारखं करतं, मग एखादी कोलांटी, मग हळूहळू सलग गिरकी. पहिल्या हंगामात हिरा वाटलेला पक्षी वर्षभराने बिघडू शकतो. म्हणून एक पूर्ण वर्ष उडवून, पिसं झडून नवी आल्यावरही जो तसाच टिकतो, त्याचाच आम्ही जोडीसाठी विचार करतो.

दुसरी गोष्ट गिरकीचा दर्जा. ती वेगवान आणि घट्ट हवी. पक्षी सरळ रेषेत खाली यावा, वेडावाकडा भिरकटू नये. सुटताना झटक्यात सुटावा आणि लगेच वर जाऊन थव्यात मिसळावा. मध्यम खोलीची पण रोज सारखी येणारी गिरकी आम्हाला आज खोल आणि लहरी गिरकीपेक्षा मोलाची वाटते. थवा सोडून एकटा उंच फिरणारा किंवा दर वेळी मागे राहणारा पक्षी कितीही देखणा असो, तो इतरांचाही खेळ मोडतो. असा पक्षी जोडीला नको.

तिसरी गोष्ट हातात घेतल्यावर कळते. अंग आटोपशीर आणि भरीव, पिसं अंगासरशी, पंख दणकट, डोळा स्वच्छ. हातात घेतल्यावर वेड्यासारखा फडफडणारा पक्षी आम्ही टाळतो.

चौथी गोष्ट जोडीचा मेळ. खोल गिरकीच्या नराला खोल गिरकीचीच मादी लावायची नाही, ताबा असलेली, आखूड गिरकीची मादी शोधायची. जवळच्या नात्यात जोडी लावली तर गुण पक्के होतात, तसे दोषही पक्के होतात. अंडी वांझ जाऊ लागली, पिल्लं मरतुकडी निघू लागली, की बाहेरचं रक्त आणायलाच हवं. बाहेरून आणलेला पक्षी आधी तीन-चार आठवडे वेगळा ठेवायचा, नाहीतर रोग सगळ्या ढाबळीत पसरतो.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट नोंदवही. मादी दोन अंडी घालते. नर-मादी दोघंही आळीपाळीने ती उबवतात आणि सतराव्या-अठराव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात. आठवड्याभरात पायात नंबराची कडी घालायची आणि वहीत आई-बापाचे नंबर लिहायचे. आई-बापाची खरी परीक्षा पिल्लांवरूनच होते. आकाशात साधारण वाटणाऱ्या एखाद्या मादीची सगळी पिल्लं नेटकी निघतात. अशी मादी ढाबळीचं सोनं. आणि भावंडं पाहिल्याशिवाय पक्षी घेऊ नये. सहातली दोन पडली असतील, तर उरलेल्या चारांच्या रक्तातही तो दोष असू शकतो.

नाद आणि जबाबदारी

कबुतरांवर पैसे लावणं हा सरळ जुगार आहे, त्यात पडायचं नाही, हे आपल्या घरांत सांगायला नको. पण पैसे न लावताही गुन्हा घडू शकतो, हे आम्हाला उशिरा कळलं. मांजर कोंडून तिला उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना लहानपणीच सांगतो. मुका जीव आपल्या ताब्यात असेल तर त्याचा जाब आपल्याला द्यायचा आहे. टाळ्यांसाठी पडणारी पिल्लं जन्माला घालणं, हे त्यापासून फार लांबचं नाही.

त्या निळ्या नराला नंतर एका शौकिनाने चांगली किंमत देऊ केली. पगाराला अजून आठवडा होता. मोह झाला. पण मालातला ऐब लपवून विकायचा नाही, हे आपण मुलांना शिकवतो आणि लेक जिन्यातच उभी होती. आम्ही त्यांना पिल्लांचं सगळं सांगितलं. ते चहा पिऊन निघून गेले. निळा नर अजून आमच्याकडेच आहे, जाळीच्या आत. दाणा खातो, घुमतो. त्याची जोड पुन्हा लावली नाही.

लेक आता दहावीत आहे. नोंदवही तीच लिहिते, अक्षर आमच्यापेक्षा चांगलं आहे. आम्ही रकाने आखले होते नंबर, रंग, आई, बाप आणि गिरकी असे. तिने पट्टीने आखून आणखी एक जोडला आहे : 'उठणं'. तो रकाना भरेपर्यंत आमच्या घरात आता कुठल्याच पक्ष्याची जोड लागत नाही.