वैनगंगेच्या वाटेवरचे शार्कचे दात

अड्याळच्या शिवारात नांगराच्या फाळाला शार्कचा दात लागणार नाही. भंडारा-पवनी रस्त्यावरच्या या गावाभोवती कितीही विहिरी खणल्या तरी नाही. भंडारा जिल्ह्याचा पाया ज्या खडकांचा आहे, ते तिरोडीचे नीस आणि साकोली गटाचे पाषाण 100 कोटी वर्षांहून जुने आहेत. पृथ्वीवर दात असलेला पहिला शार्क आला तो सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे हे खडक तयार झाले तेव्हा चावणारं कुणी नव्हतं आणि चावून घेणारंही नव्हतं. त्या खडकांवर जो गाळ पसरलाय तो वैनगंगेने कालपरवा, म्हणजे गेल्या काही हजार-लाख वर्षांत आणून टाकलेला. शार्कच्या दृष्टीने एक फार जुना, दुसरा फार नवा.

पण हीच वैनगंगा पवनीवरून खाली निघाली की गोष्ट बदलते. गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते, दोघींची प्राणहिता होते आणि सिरोंच्याकडे जाताना ही प्राणहिता ज्या थरांना कापत जाते, त्यांत डायनासोरांच्या हाडांबरोबर शार्कचे दातही आहेत. समुद्रापासून इतक्या आत, तांबड्या मातीत आणि चुनखडीत, मिलिमीटरमध्ये मोजावे लागणारे दात.

दातच का, हाडं का नाहीत? शार्कला हाडं नसतातच. शार्क आणि त्याचे चपटे भाऊबंद, म्हणजे कोकणच्या बाजारात मिळणारी मुशी आणि पाकट, यांचा सांगाडा कूर्चेचा असतो. मेल्यावर ती कुजून जाते. मागे उरतात ते दात, काही जातींच्या परांपुढचे काटे आणि कातडीवरचे बारीक खवले. त्यातही दात सर्वांत टिकाऊ, कारण त्यांच्यावर फ्लोरिनयुक्त फॉस्फेटचं कठीण, चकचकीत आवरण असतं. शिवाय शार्कच्या जबड्यात दातांच्या रांगा एकामागून एक तयार होत राहतात. पुढचा पडला की मागचा त्याच्या जागी सरकतो. एकेक प्राणी आयुष्यात हजारो दात टाकतो. त्यामुळे संपूर्ण शार्क दगडात क्वचित सापडतो, पण त्याचे दात जगभर सापडतात.

युरोपात हे दात शतकानुशतकं लोकांच्या हातात होते. सापाच्या दगड झालेल्या जिभा म्हणून ते ओळखले जात, विषावर उतारा म्हणून जवळ बाळगले जात. 1666मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर एक प्रचंड शार्क पकडला गेला. त्याचं डोकं फ्लॉरेन्सला निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे आलं आणि त्याने जबड्यातले दात त्या ‘जिभां’शी ताडून पाहिले. दोन्हींत फरक दिसेना. पुढच्याच वर्षी त्याने ते लिहून काढलं. दगडात सापडणारी वस्तू एके काळी जिवंत प्राण्याचा भाग असू शकते, हा विचार रुजायला त्यातून मोठी मदत झाली.

आपल्याकडच्या गोष्टीला सुरुवात होते ती नागपुरात. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845मध्ये नागपूरला आला. आज त्याचं नाव हिस्लॉप कॉलेजमुळे लोकांना ठाऊक आहे. शाळा आणि धर्मप्रचाराच्या कामातून वेळ काढून तो आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर दगड गोळा करत. नागपूरच्या सीताबर्डी-टाकळी परिसरात लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळात त्यांना फळं, बिया, शिंपले, कीटक यांचे जीवाश्म मिळाले आणि 1855मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात या परिसराच्या भूशास्त्रावर त्यांचा मोठा लेख छापून आला.

नागपूरच्या दक्षिणेला, जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मलेडी (आजचं मलेरी) इथून काही जाड, वळ्या असलेले दात आले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी 1859मध्ये त्यांचं वर्णन केलं आणि दोन जातींना या दोघांची नावं दिली: सेरॅटोडस हिस्लॉपियानस आणि सेरॅटोडस हंटेरियानस. त्या काळी सेरॅटोडसची गणना शार्कच्या गोतावळ्यातच होत होती. माशांच्या जीवाश्मांतला त्या वेळचा सर्वांत मोठा अधिकारी लुई अगासी याने तसं ठरवलेलं होतं, आणि नुसते दात पाहून दुसरं काही सुचणं अवघडच होतं.

पुढे 1870मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या नद्यांत असेच दात असलेला एक मासा जिवंत सापडला. त्याला फुप्फुस होतं! सेरॅटोडस हा शार्कचा नव्हे, फुप्फुसी माशांचा नातेवाईक निघाला आणि मलेडीचे दात एका रात्रीत दुसऱ्या कुळात गेले. हिस्लॉप ते पाहायला हयात नव्हता; टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना 1863च्या सप्टेंबरमध्ये तो नदीच्या पुरात बुडाला होता.

गंमत अशी, की मलेरीच्या त्याच तांबड्या मातीत खरा शार्कही होता. तो उजेडात यायला आणखी शंभरेक वर्षं लागली. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे सोहनलाल जैन यांनी 1980मध्ये त्याचं वर्णन केलं आणि त्याला झेनाकॅन्थस इंडिकस हे नाव दिलं. हे दात एकदा पाहिले की विसरत नाहीत. दोन बाजूंना दोन मोठी, एकमेकांपासून दूर झुकलेली टोकं, मधे एक छोटं टोक आणि आतल्या बाजूला पायथ्याशी एक गोल उंचवटा. हा शार्क समुद्रातला नव्हता, गोड्या पाण्यातला होता. सुमारे 22 कोटी वर्षांपूर्वी इथे नद्या आणि डबकी होती, काठावर मगरीसारखे दिसणारे सरीसृप होते, आणि पाण्यात हे शार्क. ट्रायासिक कालखंड संपता संपता त्यांचं कूळ जगातून नाहीसं झालं.

प्राणहितेच्या काठी सिरोंचा तालुक्यातलं कोटा हे गाव तर भूशास्त्राच्या पुस्तकांत अजरामर झालंय. तिथल्या ज्युरासिक थरांना ‘कोटा फॉर्मेशन’ म्हणतात. बारापासॉरस हा अजस्र डायनासोर याच थरांतला. आणि याच थरांतून पी. यादगिरी यांनी 1986मध्ये लाँकिडियन इंडिकस या चिमुकल्या शार्कचं वर्णन केलं. त्याचे दात बुटके, आडवे पसरलेले; मांस फाडण्यापेक्षा कवच फोडायला जास्त उपयोगी.

एवढे लहान दात शोधतात कसे? मोठे जीवाश्म पावसाळ्यानंतर उघड्या मातीवर डोळ्यांनी दिसतात. बारीक दातांसाठी माती धुवावी लागते. आधी थर नक्की करायचा, मग त्याच थरातली माती पोत्यांत भरून, प्रत्येक पोत्यावर जागा आणि थर लिहून ती प्रयोगशाळेत न्यायची. कडक उन्हात ती पूर्ण वाळवतात आणि पाण्यात भिजत घालतात. नीट वाळलेली चिकणमाती पाणी लागताच आपोआप विरघळू लागते. हट्टी माती असेल तर आधी रॉकेलमध्ये भिजवतात. मग ती बारीक जाळीच्या चाळण्यांमधून धुतात. चिखल वाहून जातो, चाळणीत उरतं ते रेतीसारखं. ते वाळवून काचेच्या ताटलीत पातळ पसरायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कण बाजूला सारत जायचं. पोतंभर मातीतून मूठभर रेती आणि त्या रेतीतून कधी पाच दात, कधी एकही नाही. उदाहरणार्थ, नागपूरच्या गिट्टीखदान भागातल्या लाव्हाच्या थरांशी निगडित गाळातून मासे, बेडूक आणि सरीसृप यांचे सूक्ष्म अवशेष मिळाले. गाये, राज आणि राणा या संशोधकांनी 1984मध्ये ते प्रसिद्ध केले. आज तिथे दाट वस्ती आहे.

या पद्धतीने मिळालेल्या दातांपैकी सर्वांत मोठी कामगिरी एका पाकटाच्या नावावर आहे. जी. व्ही. आर. प्रसाद आणि फ्रेंच तज्ज्ञ आंरी कापेता यांनी तेलंगणातल्या मारेपल्ली आणि चंद्रपूरला लागून असलेल्या आसिफाबाद इथल्या थरांतले दात अभ्यासले. मारेपल्लीचा थर दख्खनच्या लाव्हाच्या खालचा, आसिफाबादचा लाव्हाच्या दोन प्रवाहांमधला. 1993मध्ये त्यांनी त्या पाकटाला इग्डाबॅटिस इंडिकस हे नाव दिलं. याचे दात षटकोनी फरशीसारखे एकमेकांना चिकटून जबडाभर बसलेले असत. दाताच्या खालच्या बाजूला समांतर कंगोरे आणि त्यांच्यामध्ये खाचा.

हा दात महत्त्वाचा ठरला तो त्याच्या वयामुळे. इग्डाबॅटिसची पहिली ओळख 1972मध्ये आफ्रिकेतल्या नायजर देशातून झाली होती आणि तो क्रेटेशियस कालखंडाच्या अगदी शेवटच्या टप्प्यातला मानला जातो. लाव्हाच्या दोन प्रवाहांमध्ये त्याचा दात सापडतो याचा अर्थ खालचा लाव्हा क्रेटेशियस संपण्याआधीच वाहून गेला होता. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या दगडावर उभा आहे, तो डायनासोर असतानाच बाहेर पडू लागला होता, याला एका माशाच्या दाताने साक्ष दिली. पुढे किरणोत्सारी कालमापनातूनही मुख्य उद्रेक 6.6 कोटी वर्षांच्या आसपासचे, म्हणजे क्रेटेशियस संपतानाचे ठरले.

त्यातून आणखी एक प्रश्न निघाला: पाकट इतक्या आत आलं कुठून? आजही काही पाकटं आणि शार्क नद्यांमध्ये वर चढतात, तेव्हा एकट्या दातावरून समुद्र होता असं म्हणता येत नाही. पण 2009मध्ये गेर्टा केलर, सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीच्या लाव्हामधल्या थरात समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्मजीवांचे अवशेष दाखवले आणि त्या सुमारास समुद्राची एक चिंचोळी पट्टी मध्य भारतात शिरली होती, असं मत मांडलं. झिलमिली नागपूरच्या उत्तरेला आहे. विदर्भात खारं पाणी होतं का, यावर भूशास्त्रज्ञांमध्ये वाद चालू आहे.

ओळखण्याच्या बाबतीत हौशी माणूस पहिल्यांदा फसतो तो रंगाला. जीवाश्म दात सहसा पांढरा नसतो. ज्या मातीत पडला तिच्यातली खनिजं शोषून तो काळा, तपकिरी किंवा पिवळट होतो. रंगावरून जात कळत नाही, वयही कळत नाही. पाहायचं ते आकाराकडे. शार्कच्या दाताला दोन भाग असतात: वरचा गुळगुळीत, चमकदार मुकुट आणि खालचं खडबडीत, सच्छिद्र मूळ. मूळ जबड्यात खोलवर रुतलेलं नसतं, त्यामुळे मगरीच्या किंवा डायनासोरच्या दातासारखी पोकळ, गोल मुळी तिथे दिसत नाही. मुकुटाला किती टोकं आहेत, कडेला करवतीसारखे दाते आहेत का, मुळावर रक्तवाहिनीची खाच आहे का, या खुणांवरून कूळ ठरतं. आणि एकाच माशाच्या वरच्या-खालच्या जबड्यातले, पुढचे-मागचे दात वेगवेगळे असतात. म्हणून एका दातावरून नवी जात जाहीर करायला तज्ज्ञ कचरतात.

विदर्भात फसवणारे आणखीही आहेत. वरोरा तालुक्यातल्या डोंगरगावच्या लाव्हाखालच्या ‘लॅमेटा’ थरांत गोल बटणासारखे दात सापडतात. ते पिक्नोडस या हाडं असलेल्या माशाचे. ब्रिटिश म्युझियमचे आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी 1908मध्ये त्यांचं वर्णन केलं. उमरेडच्या कोळसा पट्ट्यात मिळणारे ग्लॉसोप्टेरिस वनस्पतीच्या पानांचे टोकदार ठसेही दाताचा भास करून देतात.

तळहातभर लांबीचा, कडेला दाते असलेला मेगॅलोडॉन या महाकाय शार्कचा दात पाहायचा असेल, तर विदर्भात शोधून उपयोग नाही. तसल्या दातांना तुलनेने अलीकडचे समुद्री थर लागतात. भारतात ते ओडिशातल्या बारिपदासारख्या ठिकाणी आहेत. नागपूर परिसरात कुणी असा दात ‘शेतात सापडला’ म्हणून विकायला आणला, तर पैसे खिशातच ठेवावेत.

जीवाश्मांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने 2022च्या डिसेंबरमध्ये भूवारसा विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता. कायदा असो-नसो, जागेवरून दात उचलला की त्याची किंमत घटते, कारण इग्डाबॅटिसने दाखवलं तसं अर्धी माहिती दातात आणि अर्धी थरात असते. त्यामुळे सिरोंचा, वरोरा किंवा राजुरा भागात फिरताना काही दात-हाडासारखं दिसलं, तर ते खणून काढू नये. शेजारी नाणं किंवा पेन ठेवून फोटो काढावा, जागेचा नकाशा मोबाइलमध्ये जतन करावा, थर कुठला आणि वर-खाली काय आहे ते लिहून ठेवावं आणि नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला किंवा विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवावं. एवढं केलं तरी पुढचं काम त्यांना करता येतं.