वाईट चित्रपटाची फिरकी : नॅशव्हिल ते बेडोक

न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा बेडोकच्या एमआरटी स्थानकावर दुसऱ्या दिवशीचे सकाळचे आठ वाजलेले असतात आणि कचेरीला निघालेली गर्दी फलाटावर उभी असते. २० ऑगस्ट २००९ च्या त्या रात्री अमेरिकेतील नॅशव्हिल शहराच्या बेलकोर्ट थिएटरमध्ये मायकेल नेल्सन, केव्हिन मर्फी आणि बिल कॉर्बेट हे तिघे विनोदकार प्रेक्षकांसमोर आले. पडद्यावर एड वुड यांचा 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस' सुरू झाला आणि चित्रपट चालू असतानाच तिघे त्यावर शेरे मारत राहिले. हा प्रयोग त्याच वेळी उपग्रहाद्वारे अमेरिकेतील शेकडो चित्रपटगृहांत दाखवला गेला. लोकांनी तिकीट काढले ते एक अत्यंत वाईट चित्रपट पाहण्यासाठी, आणि दीड-दोन तास ते पोट धरून हसले.

इंग्रजीत या प्रकाराला 'रिफिंग' म्हणतात. मराठीत नेमका शब्द नाही. शेरेबाजी, फिरकी, कोपरखळी या तिन्हींच्या मधोमध कुठेतरी तो बसतो. चित्रपट संपल्यावर केलेले परीक्षण म्हणजे रिफिंग नव्हे. येथे चित्रपट थांबत नाही, कापला जात नाही. संवादांच्या मधल्या फटीत, पात्र दार उघडून आत येईपर्यंतच्या तीन सेकंदांत, शेरा बसवावा लागतो. म्हणूनच हे काम दिसते तितके उत्स्फूर्त नसते. व्यावसायिक मंडळी चित्रपट पुन्हा पुन्हा पाहून संहिता लिहितात आणि रंगमंचावर ती हातात धरून वाचतात. नवख्याची पहिली चूक ठरलेली असते : तो सतत बोलतो. चित्रपटातील मूळ संवादच हास्यास्पद असेल तर त्यावर बोलायचे नसते. तो प्रेक्षकांना नीट ऐकू द्यायचा आणि मग क्षणभर थांबून एकच शब्द टाकायचा, हे कळायला वेळ लागतो.

या प्रकाराला आजचे रूप दिले ते जोएल हॉजसन यांच्या 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' या मालिकेने. २४ नोव्हेंबर १९८८ रोजी मिनिआपोलिसच्या केटीएमए या स्थानिक दूरचित्रवाहिनीवर ती सुरू झाली. अंतराळात अडकलेल्या एका माणसाला टुकार चित्रपट पाहण्याची शिक्षा मिळते आणि तो दोन यंत्रमानवांच्या सोबतीने ती सुसह्य करतो, अशी तिची कल्पना. पडद्याच्या खालच्या बाजूला तिघांच्या काळ्या आकृत्या दिसत, जणू आपल्या पुढच्या रांगेत बसलेले खट्याळ प्रेक्षकच. १९९९ पर्यंत ती वेगवेगळ्या वाहिन्यांवर चालली, आणि २०१५ मध्ये चाहत्यांनीच वर्गणी काढून तिचे पुनरुज्जीवन केले. ती वर्गणी सत्तावन्न लाख डॉलरांच्या वर गेली होती. वाईट चित्रपटांच्या नावाने एवढा निधी उभा राहावा, हे कोणत्याही गणेशोत्सव मंडळाच्या खजिनदाराला हेवा वाटावे असेच.

नेल्सन यांनी २००६ मध्ये 'रिफ्ट्रॅक्स' सुरू केले तेव्हा एक अडचण होती. मोठ्या चित्रपटांचे हक्क विकत घेणे परवडणारे नव्हते. त्यावर काढलेला तोडगा सुरेख आहे : चित्रपट विकायचाच नाही, केवळ शेऱ्यांची ध्वनिफीत विकायची. प्रेक्षकाने चित्रपट आपल्या घरी कायदेशीरपणे लावावा, ध्वनिफीत त्याच क्षणी सुरू करावी आणि दोन्ही जुळवून ऐकावे. अशी पहिली ध्वनिफीत १९८९ च्या 'रोड हाउस' या चित्रपटावर होती.

मराठी माणसाला मात्र हे सारे ऐकून फारसे नवल वाटू नये. तमाशातील गवळणीत कृष्ण वाट अडवतो तेव्हा त्याची बोलती बंद करते ती मावशी, आणि कथानक पुढे सरकत असतानाच त्या कथानकाची चेष्टा करतो तो सोंगाड्या. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्यात दादा कोंडके ताज्या घडामोडींवरचे शेरे ऐन प्रयोगात पेरत. काल वर्तमानपत्रात आलेली बातमी आज राजदरबारात ऐकू येई. चालू प्रयोगाला बाहेरून टोचणारा आणि तरीही त्या प्रयोगाचाच भाग असणारा हा माणूस आपल्या रंगभूमीला नवा नाही.

दुसरा पूर्वज अधिक घरगुती आहे. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले, आणि पुढची कित्येक वर्षे शनिवारी संध्याकाळचा मराठी चित्रपट हा चाळीतला सामुदायिक कार्यक्रम होता. ज्याच्या घरी संच, त्याच्या घरी अर्धा मजला. नायिका आजारी पडली की कोपऱ्यातून कोणीतरी औषध सुचवी, खलनायक दाराआड लपला की कोणीतरी नायकाला सावध करी. त्या खोलीत पैसे देऊन कोणी विनोदकार आणला नव्हता. आजही संध्याकाळच्या मालिका पाहणाऱ्या आजींच्या शेजारी तासभर बसावे. सासूने तिसऱ्यांदा डोळे वटारले की आजी जे बोलतात, त्याला कोणत्याही संहितेची गरज नसते.

सिंगापूरला तर ही गोष्ट इमारतीखालीच सापडते. चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्यात, भुकेल्या आत्म्यांच्या सणाच्या काळात, बेडोकसह अनेक वसाहतींत 'गेताई'चे मंच उभे राहतात. भडक दिवे, गाणी आणि दोन गाण्यांच्या मध्ये होकिएन भाषेत निवेदकांची परस्परांवर व प्रेक्षकांवर चाललेली टोलेबाजी. पहिली रांग रिकामी ठेवलेली असते, कारण ती आत्म्यांसाठी राखीव. मराठी कुटुंबे बहुधा बाल्कनीतून हे ऐकतात आणि भाषा कळत नाही म्हणून खिडकी लावून घेतात. ज्यांनी बतावणी पाहिली आहे त्यांनी एकदा खाली उतरून मागच्या रांगेत बसावे. शब्द कळणार नाहीत, पण सूर आणि विराम ओळखीचे वाटतील.

हिंदी चित्रपटांच्या बाबतीत हा विनोद महाजालावर रुजला. कानन गिल आणि बिस्व कल्याण रथ यांची 'प्रिटेन्शस मूव्ही रिव्ह्यूज' ही मालिका २०१३ मध्ये यूट्यूबवर आली. दोन मित्र सोफ्यावर बसून एखाद्या जुन्या चित्रपटाची दृश्ये दाखवतात आणि त्यातील तर्काचे धागे सुटे करतात, एवढेच तिचे स्वरूप. पण त्याआधीच कांती शाह यांच्या १९९८ च्या 'गुंडा'ने अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांत असंख्य रात्री जागवल्या होत्या. यमक जुळवून बोलणारे त्यातले खलनायक पाठ नसलेला अभियंता सिंगापूरच्या माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात आजही विरळाच सापडेल.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. हसायचे कोणाला?

'प्लॅन ९'चे उदाहरण घ्यावे. बेला लुगोसी हा नामांकित नट १९५६ मध्ये वारला. एड वुड यांच्याकडे त्याचे थोडे चित्रीकरण होते, म्हणून उरलेल्या दृश्यांत त्यांनी आपल्या पत्नीचे हाडवैद्य उभे केले आणि चेहरा दिसू नये म्हणून त्यांना झग्याने तोंड झाकायला लावले. हे विनोदी आहे यात शंका नाही. पण वुड १९७८ मध्ये दारिद्र्यात वारले, आणि 'सर्वांत वाईट दिग्दर्शक' हा किताब एका पुस्तकातून त्यांना मिळाला तो १९८० साली. ज्याची टिंगल जगभर झाली, त्याला ना त्या टिंगलीचा त्रास झाला, ना त्यातून आलेल्या प्रसिद्धीचा एक पैसा मिळाला.

'मॅनोस : द हँड्स ऑफ फेट'ची गोष्ट याहून बोचरी आहे. टेक्सासच्या एल पासो शहरातील खतविक्रेते हॅरॉल्ड वॉरेन यांनी तो १९६६ मध्ये काढला. कॅमेरा एका वेळी अर्ध्या मिनिटाच्या आसपासच चित्रण करू शके, आणि सगळे आवाज नंतर मोजक्या माणसांनी भरले. जॅकी नेमन या लहान मुलीने त्यात काम केले होते. पहिल्या खेळाला पडद्यावर आपल्या तोंडून मोठ्या बाईचा आवाज ऐकून ती रडू लागली. १९९३ मध्ये 'मिस्टरी सायन्स थिएटर'ने विस्मृतीत गेलेला हा चित्रपट उचलला आणि तो जगप्रसिद्ध झाला. पुढे तीच मुलगी, प्रौढ वयात, त्या चित्रपटाच्या आठवणींचे पुस्तक लिहिती झाली. टिंगलीने चित्रपटाला जीवदान दिले, हे खरे. त्या पहिल्या रात्रीच्या रडण्याची भरपाई त्यातून झाली की नाही, हे ती बाईच सांगू जाणे.

म्हणूनच या क्षेत्रातले जाणकार एक भेद कसोशीने पाळतात. सुसान सोंटाग यांनी १९६४ च्या 'कॅम्प'वरील निबंधात तो मांडला होता : अजाणता हास्यास्पद झालेली कृती आणि मुद्दाम हास्यास्पद केलेली कृती या दोन वेगळ्या वस्तू आहेत. जो चित्रपट स्वतःच डोळे मिचकावतो, त्याची फिरकी घेण्यात मजा नाही. मजा येते ती जीव ओतून, गांभीर्याने काढलेल्या आणि तरीही फसलेल्या चित्रपटात. याचाच अर्थ असा की, हसणाऱ्याला तो जीव ओतलेला दिसला पाहिजे. आचार्य अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने 'झेंडूची फुले'मध्ये समकालीन कवींची विडंबने केली, ती टिकली याचे कारण अत्र्यांना त्या कवींची वृत्ते, लकबी आणि शब्दकळा मुखोद्गत होती. नुसती तुच्छता असती तर तो संग्रह १९२५ सालीच विसरला गेला असता. अमेरिकन चित्रपटावर हसताना हे भान सुटले तरी फारसे बिघडत नाही, पण परदेशी सहकाऱ्यांना जेवायला बोलावून त्यांच्यासमोर एखाद्या फसलेल्या मराठी चित्रपटाची खिल्ली उडवताना ते सुटले, तर पाहुण्यांना फक्त एवढेच कळते की यजमानाला आपल्या भाषेची लाज वाटते.

बेडोकमध्ये राहून असा प्रयोग प्रत्यक्ष पाहायचा तर सध्या पर्याय थोडे आहेत. रिफ्ट्रॅक्सचे थेट प्रक्षेपण प्रामुख्याने अमेरिकेतील चित्रपटगृहांसाठी असते. येथे त्याचे मुद्रण विकत घेऊन पाहावे लागते. बीच रोडवरील गोल्डन माइल टॉवरमध्ये २०१४ पासून चालणारे 'द प्रोजेक्टर' हे स्वतंत्र चित्रपटगृह अशा वेगळ्या वाटेच्या प्रेक्षकांचे हक्काचे ठिकाण होते. ऑगस्ट २०२५ मध्ये तेही बंद पडले.

मग उरतो तो स्वतः घडवण्याचा मार्ग. कम्युनिटी क्लबचे सभागृह घेऊन जाहीर कार्यक्रम करायचा तर येथे दोन स्वतंत्र गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. चित्रपटाचे सार्वजनिक प्रदर्शन फिल्म्स अॅक्टच्या कक्षेत येते आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे आयएमडीए या संस्थेचे वर्गीकरण लागते. रंगमंचावरील विनोदी सादरीकरणासाठी त्याच संस्थेचा कला-मनोरंजन परवाना लागतो. शिवाय प्रदर्शनाचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची परवानगी वेगळीच. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो; इतर देशांत मुदती निराळ्या आहेत, त्यामुळे 'जुना आहे, चालेल' हा भरवसा धरू नये. निर्माता आपल्याच चित्रपटाच्या टिंगलीला परवानगी का देईल, हा प्रश्न रास्त आहे. काही देतात. विसरलेला चित्रपट पुन्हा पाहिला जाणे त्यांना मोलाचे वाटते.

घरी आठ-दहा स्नेही जमवून, वर्गणीच्या वाहिनीवरचा चित्रपट लावून बसणे मात्र सोपे. अडचण कायद्याची नसून भाषेची असते. सिंगापूरच्या शाळांत मातृभाषा म्हणून तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू या भारतीय भाषा घेता येतात. त्या यादीत मराठी नाही. मराठी घरातील मूल बहुधा हिंदी शिकते आणि मराठी ऐकते ती स्वयंपाकघरात, दूरध्वनीवर किंवा मंडळाच्या कार्यक्रमात. घरगुती बोलणे त्याला समजते. पण पडद्यावरील पाटलाने ओढूनताणून बोललेली ग्रामीण बोली नकली आहे, हे कळायला खरी बोली कानावर पडलेली असावी लागते. वडील हसतात, मूल विचारते काय झाले, वडील समजावून सांगतात. तोवर पुढची तीन दृश्ये गेलेली असतात आणि शेरा शिळा झालेला असतो. रिफिंगमध्ये भाषांतराला वेळच नसतो.

गंमत अशी की हीच मुले गप्प बसत नाहीत. नायकाने पडताना घातलेला गॉगल उठताना नाहीसा झाला, गुंडाचे दार पुठ्ठ्याचे आहे, पावसात एकाच झाडाखाली ऊन पडले आहे, या गोष्टी प्रथम त्यांनाच दिसतात, आणि ती ते सिंगलिशमध्ये, वाक्याला 'लाह' जोडून, खणखणीत सांगतात. मोठी माणसे शब्दांत चुका शोधतात, मुले चित्रात. दोघांनी एकाच सोफ्यावर बसावे यासाठी चित्रपट निवडताना थोडा विचार करावा : संवादांवर तोललेले कौटुंबिक नाट्य टाळावे, जादूटोणा, हाणामारी, दुहेरी भूमिका आणि नागीण असलेला एखादा जुना चित्रपट घ्यावा. आजी-आजोबा भेटीला आलेले असतील तर त्यांना मधल्या जागी बसवावे. आणि चित्रपट कोणासाठीही मध्येच थांबवू नये. ज्याला कळले नाही त्याने शेजाऱ्याच्या हसण्यावरून अंदाज बांधावा, शनिवारच्या त्या चाळीतल्या खोलीत दारात उभी राहिलेली मुले बांधत असत तसा.