कुंडीतलं विष, कुपीतलं औषध

दोस्तांनो, पुंडलिकनगरातल्या एखाद्या गल्लीत सकाळी सहज चक्कर मारून या. फाटकापाशी कुंडीत सदाफुली दिसेल. कुणाच्या कंपाउंडला लागून बिट्टीचं पिवळ्या फुलांचं झाड असेल. मोकळ्या प्लॉटवर एरंड, रुई आणि काटेरी बोंडांचा धोतरा तर हमखास! झालं, तुम्ही एक प्रदर्शन पाहून आलात. कशाचं? विषांचं! या पाचही झाडांमध्ये विष आहे.

दचकलात ना? पण अशी प्रदर्शनं खरोखर भरतात बरं का. २०१३ साली न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाने फक्त विषांचं प्रदर्शन भरवलं होतं. त्यात काचेच्या पेटीत जिवंत विषारी बेडूक होते. २०१७ साली लंडनच्या संग्रहालयानेही तसंच एक भरवलं. आपल्याला मात्र तिकीट नको की विमान नको. नियम एकच. बघायचं डोळ्यांनी. तोडायचं नाही, आणि तोंडात तर मुळीच घालायचं नाही. बिट्ट्या घेऊन खेळणाऱ्यांनी हे दोनदा वाचा. बिट्टीतलं विष थेट हृदयावर घाला घालतं.

आता कुंडीतली सदाफुली बघा. १९५२ साली जमैका बेटावरून या झाडाची पानं एका पाकिटात कॅनडात पोहोचली. तिथले लोक मधुमेहावर तिचा काढा घेत, म्हणून शास्त्रज्ञांना तिची परीक्षा घ्यायची होती. रॉबर्ट नोबल यांनी उंदरांवर प्रयोग केले. रक्तातली साखर काही उतरेना, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र भराभर कमी झाल्या. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, 'गेलं सगळं पाण्यात!' नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी वेगळा विचार केला. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशीच तर बेसुमार वाढतात! त्यांनी पानांतून व्हिनब्लास्टिन वेगळं केलं, आणि पुढे याच झाडातून व्हिन्क्रिस्टिनही मिळालं. तुमच्याच वयाच्या मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टिन आजही दिलं जातं. म्हणून कुणी पानं चघळू नका हं! औषध ढीगभर पाल्यातून कणभर निघतं, आणि ते किती द्यायचं हे डॉक्टर मोजूनमापून ठरवतात.

धोतऱ्याची गोष्ट तर आपल्या कापसाच्या शेतापर्यंत येते. फवारणीची काही औषधं नाकातोंडातून किंवा कातडीतून अंगात गेली, तर दरदरून घाम येतो, तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि श्वास कोंडतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. आता धोतऱ्याचं विष काय करतं? बरोबर उलटं! तोंड कोरडं पाडतं, बाहुल्या मोठ्या करतं. धोतरा आणि त्याच्या भाऊबंद झाडांमध्ये सापडणारं अ‍ॅट्रोपिन, अशा फवारणीबाधेवर डॉक्टर इंजेक्शनने देतात. काट्याने काटा काढतात तो असा.

पण आमच्या प्रदर्शनातलं मानाचं दालन झाडांचं नाही, ते विंचवाचं आहे.

काळी, भलीमोठी इंगळी बघून आपली बोबडी वळते. खरा घातकी मात्र दोन-तीन इंचांचा लालसर विंचू. कोकणात तो भाताच्या पेंढ्यात, दगडांच्या फटीत दबा धरून बसतो. पूर्वी विंचू चावला की मांत्रिकाकडे नेत. बरेचसे दंश नुसतेच दुखतात आणि आपोआप उतरतात, त्यामुळे मांत्रिकाचं नाव व्हायचं. पण काही रुग्णांना, विशेषतः लहान मुलांना, घाम फुटे, हातपाय गार पडत, फुप्फुसात पाणी भरे, तोंडातून गुलाबी फेस येई. अशा अत्यवस्थ रुग्णांतले शंभरातले तीसेक जण वाचत नसत.

१९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर रुजू झाले. डॉ. हिम्मतराव बावस्कर. ते कुठले? आपल्याच बाजूचे, भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे! हे गाव आज जालना जिल्ह्यात आहे, पण १९८१ पर्यंत जालना जिल्हा वेगळा नव्हताच, तेव्हा ते औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. डॉक्टरांच्या पुस्तकात या दंशावर नेमका उपाय नव्हता. मग ते रुग्णाजवळ बसून राहत. नाडी, रक्तदाब, हृदयाचे ठोके, सगळं तासातासाला वहीत टिपून ठेवत. १९८२ साली त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

टिपणांतून एक गोष्ट उलगडली. विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकतं. मग आवळलेल्या वाहिन्या सैल केल्या तर? रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन नावाची साधी गोळी नेमकं हेच करते. गोळी वेळेवर पोटात गेली आणि मुलं वाचू लागली. मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. एका खेड्यातल्या दवाखान्यातून हे सगळं झालं! २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता तुम्ही विचाराल, सापाच्या विषावर अशी गोळी का नाही? सापाचं विष एकच नसतं हो, अनेक द्रव्यांचं ते मिश्रण असतं. त्यावर उतारा तयार करतात घोडे! नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचं विष अगदी थोडं थोडं, वाढत्या प्रमाणात घोड्याला टोचतात. घोडा आजारी पडत नाही, त्याच्या रक्तात विषाशी लढणारी द्रव्यं तयार होतात. ती शुद्ध करून कुपीत भरली की प्रतिविष तयार. चारही सापांना एकच कुपी, कारण चावणारा साप कोणता हे दरवेळी कुठे कळतं? विष मिळवण्याचं मोठं काम तमिळनाडूतले इरुला आदिवासी करतात. साप पकडण्यात पिढ्यान्‌पिढ्या पटाईत असलेल्या या लोकांनी १९७८ साली स्वतःची सहकारी संस्थाच काढली. ते साप पकडतात, विष काढतात आणि सापाला पुन्हा रानात सोडून देतात!

आपल्या महाराष्ट्रात हे काम पूर्वीपासून हाफकिनचं. मुंबईच्या परळमधली हाफकिन संस्था १८९९ साली, गव्हर्नरांच्या जुन्या बंगल्यात सुरू झाली. जिच्या नावाने ती ओळखली जाते, त्या वॉल्डेमार हाफकिन यांनी १८९७ साली प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली होती. (आईबाबांनो, मुलांना इंजेक्शनची भीती वाटली तर हे जरूर सांगा.) हाफकिनमध्ये विंचवाच्या विषावरचं प्रतिविषही तयार झालं. २०११ साली बावस्कर डॉक्टरांनीच दाखवून दिलं, की गोळीच्या जोडीला हे दिलं तर रुग्ण आणखी लवकर बरा होतो.

तरीही २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. यातली पुष्कळशी माणसं दवाखान्यात पोहोचलीच नाहीत. म्हणून घरी सगळ्यांनी बसून एकदा ठरवून ठेवा. चावलेल्या जागी चिरा द्यायची नाही, तोंडाने विष ओढायचं नाही, दोरीने करकचून बांधायचं नाही. रुग्णाला धीर द्यायचा, चालवायचं नाही आणि थेट दवाखाना गाठायचा. आणि हो, मोकळ्या प्लॉटवर चेंडू गेला तर हात घालण्याआधी काठीने गवत हलवून बघा.